उठलेली रेघ

भिंगमावशी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नसत. नाणं कडेने धरायचं, भिंग डोळ्याला लावायचं, एक "हं" आणि मग निकाल. समोरच्याने "पण मावशी…" म्हणून तोंड उघडेपर्यंत नाणं त्याच्या तळहातावर परत गेलेलं असे आणि मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेल्या असत. ज्याला पटलं नसेल त्याने खुशाल दुसरीकडे जावं. अशी दुसरीकडे जाऊन आलेली माणसं काही दिवसांनी तोंड पाडून परत यायची, तेव्हा मावशी "मी म्हटलं नव्हतं?" एवढंही म्हणत नसत. फक्त खुर्ची पुढे सरकवत. ते सरकवणं चार शिव्यांपेक्षा जास्त झोंबायचं, आणि मावशींना ते पक्कं ठाऊक होतं.

दुकान जुन्या नाण्यांचं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढ्याच रुंदीच्या गल्लीत. ते काढलं मावशींच्या सासऱ्यांनी. मामंजी जन्मभर टांकसाळीत दाबयंत्रावर उभे होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्यांनी हे दुकान थाटलं. मुलाला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. नाणं खर्चायला असतं, बघायला नसतं, असं म्हणणारा तो सरळ माणूस. मग मामंजींनी आपला मोर्चा सुनेकडे वळवला. लग्न होऊन आलेली ही मुलगी डाळीतला खडा लांबून ओळखते, एवढं त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हेरलं होतं.

"नुसतं नाणं बघू नकोस," मामंजी सांगत. "ते ज्या ठशाखालून आलं त्या ठशाचं काय झालं होतं, ते बघ." ठसा पोलादाचा. दिवसभर कोऱ्या चकत्यांवर आपटायचा आणि प्रत्येक चकतीचं नाणं करायचा. आपटून आपटून त्याला कधीतरी तडा जातो. मग चकतीचा धातू दाबाखाली त्या तड्यात घुसतो आणि नाण्यावर एक बारीक रेघ उठते. वर आलेली, फुगीर. उलट, बाहेर आल्यावर नाण्याला कुणी ओरखडलं, तर रेघ खाली खचते. "उठली ती टांकसाळीची, खचली ती माणसाची," मामंजी म्हणायचे. मावशींचं सगळं शास्त्र या एका वाक्यावर उभं होतं.

टांकसाळीची खूण ही त्यातली आणखी नाजूक गोष्ट. नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं हे कळावं म्हणून सालाखाली एक इवलासा ठिपका नाहीतर चौकट असायची, आणि जुन्या काळी ती ठशावर हाताने ठोकत. हात हलला आणि पुन्हा ठोकावी लागली, तर नाण्यावर खूण दुहेरी येते. ठशात तेल-धूळ साचली, की खूण पुसट होते, कधी गायबच होते. असल्या चुकलेल्या नाण्यांसाठी संग्राहक जीव टाकतात. आणि जिथे माणसं जीव टाकतात तिथे लबाडी आलीच. कुणी साध्या नाण्याची खूण कानशीने घासून काढतो, कुणी नसलेली चिकटवतो. एकदा एक गृहस्थ दुहेरी खुणेचं नाणं घेऊन मोठ्या ऐटीत आले. मावशींनी भिंग लावलंच नाही. नाणं नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "हे टांकसाळीतून आलंय की स्टेशनरीच्या दुकानातून? डिंकाचा वास येतोय."

मामंजींनी जाताना सुनेला एक तांब्याचं नाणं दिलं होतं. त्यावरच्या चेहऱ्याच्या हनुवटीपासून थेट कडेपर्यंत गेलेली तड्याची रेघ होती, अगदी ठसठशीत उठलेली. मावशी ते गल्ल्याच्या खणात एका डबीत ठेवत. कुणाला ठशाचा तडा समजावून सांगायचा झाला की तेच नाणं बाहेर काढत. स्वतःच्या मुलाच्या गालावरचा तीळ आईला जसा माहीत असतो, तशी ती रेघ त्यांना माहीत होती.

तर, मावशींच्या स्वतःच्या मुलानेच पुढे घोटाळ्याची सुरुवात केली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. वडील गेल्यावर दुकानाचा व्यवहार तोच बघायचा. "आई, लोक दारातूनच वळतात. आत कसं कोंदट वाटतं," असं म्हणून त्याने दुकानाचा कायापालट केला. मावशींचं लाकडी टेबल माळ्यावर गेलं. ते ज्या खिडकीसमोर होतं त्या खिडकीवर काचेचं कपाट चढलं. टेबलाच्या जागी लांबलचक काचेचं काउंटर आलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून त्याने पट्टीचा दिवा काउंटरच्या आतल्या अंगाला, मावशींच्या पोटाच्या उंचीवर बसवला.

"कसं वाटतं, आई? कसं उजळलंय सगळं."

मावशींना ते मुळीच आवडलं नव्हतं. पण पोराच्या चेहऱ्याकडे बघून त्या "चांगलंय" म्हणाल्या. भिंग न लावता त्यांनी दिलेला हा पहिलाच निकाल असावा.

रविवारी सकाळी दुकानात बैठक भरायची. दातांचे डॉक्टर येत, एक निवृत्त मास्तर येत, आणखी दोघे-तिघे नाणेवेडे. चहा व्हायचा, नाणी या हातातून त्या हातात फिरायची. समोरच्या दुकानातले घड्याळजी तर रोजच येत. घड्याळं दुरुस्त करणारा हा मितभाषी माणूस मावशींच्या यजमानांचा जिवलग मित्र. यजमान गेले, तरी दुपारच्या चहाला येण्याचा त्यांचा नेम मोडला नाही. कपाटाशेजारच्या खिळ्यावर त्यांचा स्वतःचा कप टांगलेला असायचा, निळ्या काठाचा. ते मावशींना वहिनी म्हणत आणि मावशी त्यांना भावोजी. गेल्या हिवाळ्यात घड्याळजींची बायको गेली, तेव्हा काही दिवस तो कप तसाच टांगलेला राहिला होता. मग एक दिवस ते आले, कप काढला आणि काही न बोलता पुढे धरला. मावशींनीही न बोलता चहा ओतला.

नव्या काउंटरवरच्या दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीला घड्याळजींनी खिशातून एक जुनं खिशातलं घड्याळ काढलं. झाकण उघडलं, तर आत यंत्र नव्हतंच. मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक नाणं होतं.

"हे कधी कुणाला दाखवलं नाही," ते म्हणाले. "यंदाच्या प्रदर्शनात ठेवीन म्हणतो. हिच्या नावाने."

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एका ठरावीक सालाच्या नाण्यावर टांकसाळीची खूण गायब असलेली सापडते, क्वचित. त्या नाण्याचा त्यांना जन्मभर ध्यास. बायको बेकरीच्या खिडकीत पैसे घ्यायला बसायची. हाताखालून जाणारं प्रत्येक नाणं ती उलटून बघायची, नवऱ्यासाठी. आणि बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी तिने चहाच्या कपाबरोबर बशीत हे नाणं ठेवलं. काही बोलली नाही, नुसती हसली. घड्याळजी एका दमात एवढं बोललेले बैठकीने कधी ऐकलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही एकदा बघून द्या, की झालं."

मावशींनी नाणं कडेने धरलं. भिंग लावलं. सालाखालची जागा मोकळी होती खरी. पण त्या मोकळ्या जागेत आणि तिच्या आजूबाजूला केसासारख्या बारीक समांतर रेघा होत्या. खचलेल्या. अगदी स्वच्छ दिसत होत्या.

"हं," मावशी म्हणाल्या. "खूण घासून काढलीय. बारीक कानशीने."

हे त्या घड्याळजींना उद्देशून नव्हत्या बोलल्या, नाण्याबद्दल बोलल्या. पण असल्या बारीक कानशी अख्ख्या गल्लीत एकाच टेबलावर होत्या आणि ते कुणाला सांगायची गरज नव्हती. दातांच्या डॉक्टरांची जीभ डोक्याच्या आधी चालायची. ते म्हणाले, "घड्याळजी, तुमच्या टेबलापासून नाणी लांबच ठेवायला हवीत की." हसायला कुणी धजलं नाही.

घड्याळजी "पण वहिनी" म्हणाले नाहीत. त्यांनी नाणं मलमलीत गुंडाळलं, घड्याळाचं झाकण लावलं, उरलेला चहा शांतपणे संपवला. मग कप विसळला आणि खिळ्यावर न टांगता सोबत घेऊन गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. रिकामा खिळा मावशींच्या डोळ्यांना रोज टोचायचा. त्याचा त्यांना राग येई, आणि राग आला की त्या मुलावर काढत. "इतकं लागतं मनाला, तर करावं कशाला माणसाने असलं काही? आणि वर बायकोचं नाव पुढे करायचं?" मुलगा म्हणायचा, "आई, काका असं करतील असं वाटत नाही गं." "वाटण्याचा प्रश्नच नाही. मी बघितलंय." खरं सांगायचं तर मावशींना घड्याळजींची फार आठवण यायची. दुपारचा चहा एकटीला गोड लागत नव्हता. पण म्हणून नाण्यावरची रेघ थोडीच बदलणार होती?

ती बदलली एका साध्या दुपारी. एक बाई आजोबांची नाणी दाखवायला आल्या होत्या. हौशी होत्या, प्रश्न विचारत होत्या. ठशाचा तडा म्हणजे नक्की काय, असं त्यांनी विचारलं. मावशींनी खणातून डबी काढली, मामंजींचं नाणं हातात घेतलं आणि सवयीने आधी स्वतः भिंगातून बघितलं.

रेघ खचलेली होती.

हनुवटीपासून कडेपर्यंत चर पडला होता, कुणीतरी टोकदार खिळ्याने ओढावा तसा. पहिला विचार मुलाचा आला. रंगकाम चाललं होतं तेव्हा कुणी खण उघडला होता का? "माझ्या नाण्याला कुणी हात लावला?" त्या जोरात म्हणाल्या, तेव्हा समोरच्या बाई दचकल्या. मावशी भानावर आल्या. बाईंना नीट दिसावं म्हणून त्यांनी काउंटरवर पुढे वाकून नाणं दारातून येणाऱ्या उजेडात धरलं, भिंग अजून डोळ्यालाच होतं, आणि डोळ्यांसमोर रेघ वर आली.

त्यांनी नाणं परत आपल्याजवळ ओढलं. खाली गेली. पुन्हा दाराकडे धरलं. वर आली.

मावशींनी हळूच खाली वाकून आपल्या पोटाशी जळणाऱ्या पट्टीकडे बघितलं. जन्मभर त्यांनी खिडकीसमोर बसून नाणी बघितली होती. उजेड नेहमी समोरून, वरून यायचा, आणि वर आलेल्या रेघेची सावली त्यांच्या बाजूला पडायची. आता उजेड खालून, त्यांच्याच बाजूने येत होता. सावली पलीकडे पडत होती. डोळे मात्र जुन्या सवयीने उजेड वरूनच आहे असं धरून चालले होते. चेहरा, अक्षरं ओळखीची. ती कशीही बघितली तरी फुगीरच दिसतात. केसाएवढ्या रेघेची कुणाशी ओळख असते? ती उजेड सांगेल तशी दिसते.

"बाई," मावशी म्हणाल्या, "तुम्ही उद्या या. दुकान बंद आहे."

"पण आत्ता तर उघडं…"

"बंद आहे."

गल्ली ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण मावशींनी आधी दुकानाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. चूक झाली याची भीती त्यांना नव्हती, चूक मान्य करायला त्या घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एक शब्दही न बोलता कप घेऊन गेलेला तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

घड्याळजी खिडकीजवळच्या टेबलाशी एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. "या, वहिनी," ते म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं. मावशी बसल्या नाहीत.

"ते नाणं द्या, भावोजी."

"कशाला आता? ठेवून दिलं मी ते."

"तुम्ही घासलं नव्हतं, तर त्या दिवशी बोलला का नाहीत?"

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. "बोलून काय होणार होतं? तुम्ही म्हणालात घासलंय, म्हणजे घासलंय. मी घासलं नाही, एवढं मला माहीत होतं." त्यांनी टेबलावरची एक कानस सरळ करून ठेवली. "या कानशींना घरात दोघांचेच हात लागायचे. माझे आणि हिचे. मी रोज त्या नाण्याची टकळी लावायचो तिच्यापाशी. कंटाळून केलं असेल बिचारीने. मला बरं वाटावं म्हणून. रागही आला नाही मला, खरंच. फक्त ती बशी ठेवताना हसली होती ना, ते हसणं मी इतकी वर्षं वेगळं समजत होतो."

हा माणूस आपल्यावर रागावून घरी बसला, असं मावशी समजत होत्या. तो मुळात रागावलाच नव्हता. मावशींचा शब्द त्याने खरा धरला होता आणि तो खरा ठरावा म्हणून गेलेल्या बायकोला खोटं ठरवून मोकळा झाला होता.

"माझ्या एका शब्दावर तुम्ही तिच्यावर संशय घेतलात?"

"तुमचा शब्द कधी चुकलाय का, वहिनी?"

मावशींनी हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. शेवटी घड्याळजी उठले, कपाटातून ते यंत्र नसलेलं घड्याळ काढून आणलं.

या खेपेला "हं" लवकर आलं नाही. मावशींनी खिडकीसमोर उभं राहून नाणं बघितलं, आडवं धरून बघितलं, उलटं करून बघितलं. रेघा उठलेल्या होत्या. तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी त्या रेघा सालाच्या आकड्यांपर्यंत कशा जातात ते तपासलं. जे त्या रविवारी तपासायला हवं होतं आणि डोळ्यांवरच्या भरवशापायी राहून गेलं होतं. कानस आकड्यांवरूनही फिरली असती, त्यांच्या माथ्यावर ओरखडे दिसले असते. या रेघा प्रत्येक आकड्याच्या पायाशी येऊन थांबत होत्या. आकड्यांवर एकही नव्हती.

"ठसा खराब झाला की टांकसाळीत तो घासून परत गुळगुळीत करायचे," त्या सावकाश म्हणाल्या. "ठशात अक्षरं खोल असतात, तिथे घासणी पोचत नाही. सपाट जागाच घासली जाते. तेव्हाच्या या रेघा आहेत. खूण आधीच उथळ ठोकलेली असणार, ती त्या घासण्यात गेली. ठशावरूनच गेली. नाण्याला कुणी हात लावलेला नाही, भावोजी. माझ्या दिव्याची जागा चुकली होती, आणि मी चुकले."

घड्याळजी खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एवढंच विचारलं, "रविवारी सांगाल? सगळ्यांसमोर?"

"ते विचारावं लागतं का?"

संध्याकाळी मावशींनी पट्टीचा दिवा काढायला लावला आणि खिडकीवरचं कपाट हलवलं. "आई, तू तर चांगलंय म्हणाली होतीस," मुलगा कुरकुरला. "भिंग न लावता म्हटलं होतं," मावशी म्हणाल्या. नवं काउंटर आल्यापासून ज्या ज्या नाण्यांना त्यांनी ओरखडलेली ठरवलं होतं, त्यांच्या मालकांना त्यांनी स्वतः फोन करून परत बोलावलं. कुणी विचारलं का, तर "मी चुकीच्या उजेडात बघितलं" असं सरळ सांगितलं, भाजीवालीला पत्ता सांगावा इतक्या सहज.

रविवारी बैठक भरली. माळ्यावरचं लाकडी टेबल खाली आलं होतं, खिडकीसमोर. मावशींनी काढलेली पट्टी हातात घेतली, पेटवली, आणि मामंजींचं नाणं एकेकाच्या डोळ्यांपुढे धरलं. आधी खिडकीच्या उजेडात, मग खालून धरलेल्या पट्टीच्या. रेघ वर आली, खाली गेली. मास्तर दोनदा "अरेच्चा" म्हणाले. मग घड्याळजींचं नाणं फिरलं. दातांच्या डॉक्टरांनी ते फार वेळ बघितलं. जन्मभर दातांच्या फटी बघून त्यांचा डोळाही काही कमी तयार नव्हता. "आकड्यांवर एकही रेघ नाही," ते कबूल झाले, आणि मग घड्याळजींकडे बघून चाचरत म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो, ते… माझी जीभ म्हणजे…" घड्याळजींनी हातानेच राहू द्या म्हटलं.

मावशी उभ्या राहिल्या. आवाज तोच, रोजचा, निकाल देण्याचा.

"त्या रविवारी मी चुकीचं सांगितलं. हे नाणं बेकरीच्या खिडकीत जसं आलं, तसंच आजही आहे. ते कुणी घासलेलं नाही."

एवढं बोलून त्या बसल्या. विषय संपला होता. मास्तरांनी पुढचं नाणं काढलंसुद्धा. तेव्हा कोपऱ्यातून घड्याळजी हळूच म्हणाले, "वहिनी, ते शेवटचं परत एकदा म्हणा."

"अहो, मावशी दुसऱ्यांदा सांगतात का कधी?" डॉक्टर म्हणाले.

मावशींनी मान वळवून घड्याळजींकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"ते कुणी घासलेलं नाही," मावशी म्हणाल्या. मग किटली उचलण्याच्या निमित्ताने त्यांच्याजवळ गेल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिला ते सापडलं होतं, भावोजी. म्हणून हसली होती ती."

घड्याळजींनी मान हलवली. खिशातून रुमालात गुंडाळलेला निळ्या काठाचा कप काढला आणि पुढे धरला. मावशींनी त्यात चहा ओतला.